बदलापूर नावाचा सिनेमा आणि आमच्या दारात आलेले पेढे

२३ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. ऑफिसातून येऊन नुकता कुकर लावला होता, तिसरी शिट्टी झाली आणि बेल वाजली. दारात समोरच्या काकू. हातात स्टीलची डबी, तिच्यात पेढे. "घे गं, बातमी पाहिलीस ना? मेला एकदाचा." मी पेढा घेतला. ओट्यापाशी उभं राहून खाल्ला. टीव्हीवर मुंब्रा बायपासची दृश्यं चालू होती, पोलिसांची गाडी दाखवत होते. आमच्या बदलापुरातल्या एका शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा ज्याच्यावर आरोप होता, तो त्या गाडीत पोलिसांच्या गोळीने मेला होता.

दोनच दिवसांत मुंबईत फलक लागले. गृहमंत्र्यांच्या हातात बंदूक आणि खाली मोठ्या अक्षरांत 'बदला पुरा'. माझ्या नणंदेच्या मुलाने तो फोटो स्टेटसला ठेवला. एकोणीस वर्षांचा आहे, गुणी आहे, आजारी आजीला दवाखान्यात नेण्याआणण्याचं काम तोच करतो. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "मामी, अगं सिनेमाचं नाव आहे ते. बदलापूर, बदला पुरा. भारी जमलंय ना?"

मी विचारलं, "तू तो सिनेमा पाहिलायस का?" म्हणाला, "नाही, पण माहितीये ना. वरुण धवन सगळ्यांना मारतो."

त्या दिवसापासून ही पोस्ट डोक्यात आहे. सिनेमा जुना आहे, त्यामुळे शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या, मी थांबते.

'बदलापूर' २० फेब्रुवारी २०१५ ला आला. आम्ही मुद्दाम गावातल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून गेलो होतो, कारण आमच्या गावाचं नाव असलेला हिंदी सिनेमा कोणी बघितला होता? सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवरचं आमचं गाव. मुंबईच्या लोकांसाठी ते नेहमीच लोकलच्या पाटीवरचं एक नाव राहिलं, ज्या गाडीत कल्याणनंतर जरा टेकायला मिळतं ती गाडी. नावाची गोष्ट इथले जुने लोक सांगतात ती अशी की शिवकाळात घोडदळ इथे घोडे बदलायचं, म्हणून बदलापूर. म्हणजे थकलेला घोडा सोडायचा, ताज्या दमाचा घ्यायचा आणि पुढे निघायचं. सूडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. थिएटरमध्ये पडद्यावर नाव आलं तेव्हा आमच्या रांगेतून शिट्ट्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

सिनेमाचा दिग्दर्शक श्रीराम राघवन पुण्यात वाढलेला माणूस, पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला. सिनेमा सुरूही पुण्यात होतो. एक साधा रहदारीचा रस्ता. कॅमेरा हलत नाही. माणसं येतायत, जातायत, गाड्या जातायत. आपण बघत राहतो आणि आपल्याला कळत नाही की काय बघायचंय. मग बँकेतून दोघं पळत येतात आणि एक बाई आपल्या लहान मुलाला घेऊन जिथे उभी आहे त्याच गाडीत घुसतात. पुढच्या काही मिनिटांत मुलगा धावत्या गाडीतून पडतो, बाईला गोळी लागते. संगीत नाही, खलनायकाचं हसणं नाही. 'सुरुवात चुकवू नका' अशी या सिनेमाची जाहिरात होती, ती उगाच नव्हती. एखाद्याचं आयुष्य मोडतं तेव्हा रस्त्यावर बाकी सगळं चालूच असतं, हे इतक्या थंडपणे मी दुसऱ्या कुठल्या हिंदी सिनेमात पाहिलं नाही.

बायको मिशा आणि मुलगा रॉबिन गेल्यावर जाहिरात कंपनीत काम करणारा रघू, म्हणजे वरुण धवन, सगळं सोडून बदलापूरला येऊन राहतो. कारखान्यात नोकरी धरतो. आणि थांबतो. पंधरा वर्षं. दोन दरोडेखोरांपैकी एक, लायक, पोलिसांच्या हाती लागलेला असतो. दुसरा पैसे घेऊन पसार. लायक पहिल्यापासून एकच घोषा लावतो, की गोळी मी नाही, माझ्या जोडीदाराने झाडली. जोडीदाराचं नाव मात्र सांगत नाही. त्याला वीस वर्षांची शिक्षा होते.

आता इथे जरा थांबून बघा. रघूला काय माहीत आहे? बायको-मुलगा गेले हे माहीत आहे. दोन माणसं होती हे माहीत आहे. कोणी मारलं हे त्याला माहीत नाही. जे सांगितलं गेलंय ते आरोपीच्या तोंडून. पण त्याच्या आत पेटलेलं आहे ते इतकं मोठं आहे की एवढीशी गोष्ट त्याला अडवत नाही.

मग लायकला पोटाचा कॅन्सर होतो. कैद्यांसाठी काम करणारी शोभा रघूकडे येते, त्याला मरताना तरी बाहेर येऊ द्या म्हणून. लायकच्या आईकडून रघूला दुसऱ्याचं नाव कळतं. हरमन. त्याचं आता छान चाललेलं आहे, स्वतःचं हॉटेल आहे, बायको आहे. शोभा रघूवर विश्वास टाकते, ती म्हातारी आपल्या पोरासाठी विश्वास टाकते. त्या विश्वासाचं रघू काय करतो ते पाहताना मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली. या सिनेमातला दगा दरोडेखोर एकमेकांना देतात तेवढाच नाही. सर्वांत मोठा दगा आपला नायक देतो, आणि तो देतो चांगल्या माणसांना.

हरमनच्या घरातला प्रसंग मी दुसऱ्यांदा पाहताना रिमोट हातात धरून बसले होते. हरमनची बायको कांचन, राधिका आपटे. तिचा दरोड्याशी काडीचा संबंध नाही. रघू तिला बेडरूममध्ये नेतो, दार लावतो. बाहेर नवरा. तो तिला हात लावत नाही. तिला फक्त ओरडायला लावतो, बाहेर ऐकू जावं म्हणून. राधिका आपटेचा चेहरा तेव्हा बघा. बाई काय करत असते? एका अनोळखी पुरुषाच्या सूडासाठी स्वतःच्या अपमानाचा आवाज काढत असते. आणि नंतर रघू दोघांनाही हातोड्याने मारतो. बंदूक नाही, तलवार नाही. भिंतीत खिळा ठोकायला घरात असतो तो हातोडा.

२०१५ मध्ये त्या प्रसंगाला आमच्या थिएटरमध्ये मागून कोणीतरी शिट्टी मारली होती. एकच. मग शांत झालं. ती शांतता मला आजही आठवते. टाळ्या वाजवायला आलेले लोक होते ते, मी त्यांच्यातलीच होते, आणि आमचे हात कुठे ठेवायचे हे आम्हाला कळेना.

आणि मग येतो तो घाव. लायक, नवाजुद्दीन सिद्दीकी, मरणाच्या दारात उभा असताना रघूला सांगतो की गोळी मीच झाडली होती.

म्हणजे पंधरा वर्षं थांबलेल्या माणसाने गोळी न झाडणाऱ्याला मारलं. आणि त्याच्या निष्पाप बायकोला. लायक त्याला तोंडावर ऐकवतो की माझ्या हातून ते घाबरून, त्या गडबडीत घडलं. तू मात्र थंड डोक्याने केलंस. ज्याचा आपण पूर्ण सिनेमाभर तिरस्कार केला तो माणूस खरं बोलतोय आणि ज्याच्यासाठी आपण रडलो त्याच्याकडे उत्तर नाही. मग तोच लायक पोलिसांकडे जाऊन हरमन-कांचनचा खून स्वतःच्या अंगावर घेतो आणि तुरुंगात मरतो. शेवटी झिमली, लायकची मैत्रीण, हुमा कुरेशी, जिला रघूने यात सर्वांत वाईट वागवलेलं असतं, ती त्याला येऊन सांगते की लायक तुला दुसरी संधी देऊन गेलाय.

आपल्याकडच्या सूडाच्या सिनेमांत एक सोय असते. नायकाला नेहमी बरोबर माणूस सापडतो. पावणेतीन तास मारामारी होईल, पण 'अरे, हा नव्हताच तो' असं कधी होणार नाही. त्यामुळे आपल्याला सवय लागलीय असं समजायची, की राग खरा असला की नेमही खराच असतो. राघवनने नेमकी ती सोय काढून घेतली. राग शंभर टक्के खरा ठेवला आणि नेम चुकवला. पंधरा वर्षं थांबायची तयारी होती रघूची, फक्त खरं काय ते कळेपर्यंत थांबायची नव्हती.

आता माझ्या गावाबद्दल बोलते.

२० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले त्या दिवशी मी ऑफिसला निघालेली, प्लॅटफॉर्मवर अडकले आणि मग अडकलेली राहिले नाही, उभीच राहिले. लोकल दहाएक तास बंद होत्या. माझ्या आजूबाजूच्या बायका शिव्या देत होत्या, रडत होत्या, 'फाशी द्या' ओरडत होत्या. मीही ओरडले. त्यातल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही. इतक्या लहान मुलींबद्दल असं ऐकल्यावर ज्याचं रक्त उकळत नाही त्याने माझ्याशी बोलू नये. आणि आम्ही फक्त त्या एका माणसासाठी नव्हतो उतरलो. तक्रार घ्यायला तासन्‌तास का लावले, आईबापांना का ताटकळत ठेवलं, शाळेत कोणाला काय माहीत होतं आणि कोण गप्प बसलं, हे सगळं आम्ही विचारत होतो.

महिन्याभराने तो मेला. पोलिसांचं म्हणणं होतं की त्याने गाडीत अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडावी लागली. उच्च न्यायालयाने विचारलं की मग गोळी डोक्यात कशी, पायावर का नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयात आला, त्यात पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं होतं. तो आला त्या दिवशी आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एक शब्द नव्हता. पेढ्यांचे फोटो होते त्याच ग्रुपवर.

ज्या संध्याकाळी मी तो पेढा खाल्ला, त्या संध्याकाळी शाळेचे ज्यांच्यावर गुन्हा दाखल होता ते विश्वस्त अजून पोलिसांना सापडलेले नव्हते. ते ऑक्टोबरमध्ये अटक झाले. मला तेव्हा हे आठवलंच नाही. कोणालाच आठवलं नाही. आम्हाला एक मृतदेह मिळाला आणि आमचे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर गेले. खटला चालला असता तर कोर्टात उलटतपासणी झाली असती. कोणी काय पाहिलं, कोणी काय दडवलं, कोणाला कधी कळलं, हे शपथेवर बोलावं लागलं असतं. दोषी ठरला असता तर जी काय शिक्षा व्हायची ती झाली असती, आणि ती मी मनापासून मागितलेली होती. आता त्याच्यापुरतं ते कधीच होणार नाही. त्या मुलींच्या आईबापांना 'बदला' मिळाला म्हणून लोक सांगतात. त्यांना निकाल मिळाला नाही.

मला इथे कमेंटमध्ये विचारतील की तुमच्या मुलीला काही झालं असतं तर? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला काही झालं असतं तर मी रघूच झाले असते. कदाचित त्याच्याहून वाईट. म्हणूनच मला माझ्या हातात हातोडा नकोय, आणि माझ्या वतीने दुसऱ्या कोणाच्या हातात तर अजिबात नकोय. पेटलेल्या आईने ठरवायची ही गोष्ट नाही, म्हणून तर आपण कोर्ट नावाची गोष्ट उभी केली. ते कोर्ट हळू चालतं, चीड येते, मला दर वेळी येते. तर त्याच्यासाठी रुळांवर उतरू. त्या कारणासाठी मी परत दहा तास उभी राहीन.

आणि फलक बनवणाऱ्यांनो, तुम्ही नाव घेतलंत त्या सिनेमात 'बदला' पुरा होत नाही हो. तिथे एक माणूस आतून रिकामा होतो, एक निष्पाप बाई मरते आणि खरं काय ते उशिरा कळतं. एवढंच आहे त्यात. माझ्या गावाचं नाव घेऊन तुम्ही नेमका उलटा अर्थ भिंतीवर लावलात.

समोरच्या काकूंशी मी हे बोलले. गेल्या आठवड्यात, जिन्यात, भाजीची पिशवी हातात असताना. त्या चिडल्या नाहीत. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मला त्या पोरींचं वाईट वाटत होतं गं. काहीतरी करावंसं वाटलं, म्हणून पेढे आणले." मला त्यांचं म्हणणं कळलं. मलाही तेव्हा तेच वाटत होतं.

भाच्याचं स्टेटस कधीच गेलं, त्याच्या जागी आता क्रिकेट आहे. पण या रविवारी तो राहायला येतोय आणि मी त्याला सांगून ठेवलंय की आपण 'बदलापूर' बघायचा, पहिल्या मिनिटापासून, मोबाइल बाजूला ठेवून. "भारी," म्हणाला. हातोड्याचा प्रसंग येईल तेव्हा मी टीव्हीकडे बघणार नाही, त्याच्याकडे बघणार आहे.