ठेवणीतलं पेन

परवा ऑफिसात घाईघाईने एक यादी लिहीत होते. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी मान लांब करून पाहिलं. "मॅडम, शाईचं पेन? आणि तेही यादी करायला?" सूर असा, की जणू मी ठेवणीतले कपडे घालून फरशी पुसायला बसले आहे.

हो, यादी करायलाच. मीटिंगमधल्या नोंदी, हिशेबाची खाडाखोड, फोनवर समोरचा बोलत असताना वहीच्या कोपऱ्यात काढलेली वेलबुट्टी, सगळं त्याच पेनाने. नऊ वर्षं झाली. पेन एक, शाई एक, निळी. आधीच सांगते, मी पेनं जमवणारी नाही. ज्यांच्याकडे चाळीस पेनं आणि शंभर शाया असतात त्यांचं मला कौतुक वाटतं, पण त्यांच्या गप्पा ऐकून नवा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, यात पडायचं म्हणजे सोन्याची निब हवी, अमुकच कागद हवा, शाईची तमुकच छटा हवी. दुसरीकडे बाकीच्या जगाने हे पेन सत्कारात द्यायची वस्तू करून टाकलंय. मखमली पेटी, पेनावर कोरलेलं नाव. पेटी उघडायची, बघायची, मिटायची. दोघांनी मिळून एका साध्या हत्याराला ठेवणीत टाकलं. आणि ठेवणीत टाकलं की हे पेन बिघडतं, माझी तक्रार तिथे आहे.

त्याची रचनाच तशी आहे. निबेच्या मधोमध केसाएवढी चीर असते. शाई त्या चिरेतून केशाकर्षणाने टोकापर्यंत येते, आणि टोक कागदाला टेकलं की कागद तिला ओढून घेतो. लिहिणाऱ्याने काही ढकलायचं नसतं. निबेखाली जो काळा, खाचाखाचांचा भाग दिसतो तो फीड. खरी करामत त्याची. जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा वर टाकीत जायला हवी, नाहीतर शाई अडते. आणि हवा जास्त गेली तर सगळी शाई एकदम कागदावर येते. आधीची कित्येक पेनं ही अशीच होती, एकतर रुसायची नाहीतर ओकायची. न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने 1884 साली शाई आणि हवेची ही देवाणघेवाण सांभाळणाऱ्या फीडचं पेटंट घेतलं आणि शाईचं पेन भरवशाचं झालं. आजही तत्त्व तेच आहे.

आता बघा, शाई म्हणजे मुळात पाणी, त्यात विरघळवलेला रंग. पेन पडून राहिलं की पाणी उडून जातं आणि रंग त्या बारीक खाचांमध्ये घट्ट बसतो. रोज चार ओळी लिहिल्या तरी फीडमधून ताजी शाई वाहत राहते, आधीची सुकायला वेळच मिळत नाही. माझं पेन नऊ वर्षांत एकदाही अडून बसलेलं नाही, आणि त्यात माझ्या निगराणीचा वाटा फार थोडा आहे. शाई संपली की भरायची, महिना-दोन महिन्यांनी साध्या पाण्याने खळखळून घ्यायचं. बस. "शाईच्या पेनाची फार उस्तवार असते" असं म्हणणारी बहुतेक माणसं ते महिन्यातून एकदा उघडणारी असतात.

मी याकडे वळले ती हौस म्हणून नाही, बोटामुळे. बॉलपेनाने दिवसभर लिहून मधल्या बोटाला घट्टा पडला होता आणि संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकायचं. बॉलपेनातली शाई घट्ट असते, जवळजवळ लेपासारखी. टोकाची गोळी कागदावर दाबून फिरवल्याशिवाय ती उतरत नाही. लाझ्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने 1938 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि त्या शोधाने जगाची सोय केली यात वाद नाही. पण दाब द्यावा लागतो तो लागतोच. जुनी वही उघडून पान उलटं करा आणि पाठीवरून बोट फिरवा. अक्षरन् अक्षर उठलेलं लागतं. तो सगळा जोर तुमच्या बोटांतून आलेला असतो.

शाईच्या पेनाचा पहिला आठवडा विचित्र गेला. सवयीने दाबून लिहायचे, रेघ जाड यायची, निब कागद खरवडायची. मग एकदा, लांबलेल्या मीटिंगमध्ये, कंटाळून हात सैल पडला आणि पेन आपोआप चालायला लागलं. पेनाचं स्वतःचं वजन पुरतं, आपण फक्त दिशा द्यायची, हे कुणी सांगून कळत नाही, हाताला कळावं लागतं. घट्टा जायला काही महिने लागले. गेला मात्र.

अक्षर सुधारलं का? नाही हो. हा एक मोठा गैरसमज आहे. माझं अक्षर आधीही मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं होतं, आताही तसंच आहे, फक्त मुंगळा जरा सावकाश चालतो. देवनागरीचं जे जुनं देखणं वळण आपण बघतो, कुठे जाड कुठे बारीक रेघ, ते तिरक्या कापलेल्या बोरूचं किंवा टाकाचं आहे. रोजच्या फाउंटन पेनाचं टोक गोल असतं, त्याची रेघ सगळीकडे जवळपास सारखी. वळण हवं असेल तर वेगळी निब घ्या आणि गिरवायला बसा, नुसतं पेन बदलून ते येणार नाही.

पण निब निवडताना आपल्या लिपीचा विचार मात्र करा, हे मी चुकून शिकले. माझी पहिली निब मध्यम होती. रोमन लिपीत सुरेख चालायची. मराठी लिहायला घेतलं की 'क्ष' आणि 'ष' यांची पोटं भरून जायची, अनुस्वाराचा टिंब न होता थेंब व्हायचा, आणि शिरोरेषा मारताना निब नुकत्याच काढलेल्या ओल्या काने-दंडांवरून फिरायची, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर शाईची गाठ. 'स्त्र्या' वगैरे जोडाक्षराचा तर पार चिखल. नंतर जपानी बनावटीची बारीक निब घेतली. जपानी कंपन्यांची 'फाइन' युरोपीय 'फाइन'पेक्षा सहसा बारीक असते. जपानी लिपीतल्या 'कांजी' नावाच्या गर्दीच्या अक्षरांसाठी त्यांना तशी लागते. त्यांची ती सोय आपल्या जोडाक्षरांना बरोबर बसते. मराठी लिहिणाऱ्याने बारीक निबेपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत झालंय. शिरोरेषेचं म्हणाल तर मी आता ती शब्द संपल्यावर हलकेच ओढते, घाईत असले तर ओढतच नाही. कुणी रागवायचं ते रागवो.

सोन्याच्या निबेबद्दलही बोलूनच टाकते. सोनं आलं ते गरजेतून. जुन्या शाया आम्लधर्मी असायच्या, साध्या पोलादाला गंज चढायचा, सोन्याला काही होत नसे. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या निबेला साध्या शाईची ती भीती नाही. शिवाय कागदाला सोनं टेकतच नाही. टोकावर दुसऱ्याच एका कठीण मिश्रधातूचा मणी जोडलेला असतो, निब सोन्याची असो वा स्टीलची. त्याला सगळे सवयीने 'इरिडियम' म्हणतात, जरी आजच्या बऱ्याच निबांमध्ये इरिडियम नसतंच. तो मणी नीट घासलेला असला की निब गुळगुळीत चालते. सोन्याची निब थोडी लवचीक वाटू शकते, दिसतेही छान, पण रोजच्या यादीसाठी तिची गरज नाही. लामी कंपनीचं 'सफारी' 1980 साली आलं ते शाळकरी मुलांना डोळ्यांपुढे ठेवून. प्लास्टिकचं अंग, स्टीलची निब, बोटं बसायला खोबण. दप्तरात आदळआपट सोसायला केलेली वस्तू. मला विचाराल तर रोजच्या पेनाची व्याख्या तीच.

कागद हा खरा त्रासदायक भाग आहे. पेन नीट, शाई नीट, तरी काही कागदांवर अक्षराला मुळं फुटतात, आणि पानामागे सगळं उमटतं. लोक म्हणतात जाड कागद घ्या. तसं काही नाही. कागदाला खळ कशी दिलीय त्यावर ते ठरतं. जपानचा टोमोए रिव्हर नावाचा कागद चौरस मीटरला 52 ग्रॅमचा, म्हणजे फोटोकॉपीच्या नेहमीच्या कागदापेक्षा बराच पातळ, पण त्यावर शाई फुटत नाही. सुकायला मात्र वेळ घेते, म्हणून घाईच्या माणसाला तोही कामाचा नाही. मी वही घेताना शेवटच्या पानावर एक ओळ लिहून बघते. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

आणि हो, काही ठिकाणी हे पेन चालतच नाही. कार्बन लावलेल्या फॉर्मवर खालच्या प्रतीत काही उमटत नाही, कारण दाबच नाही. गुळगुळीत पावतीवर शाई सुकत नाही. उभ्याने, भिंतीला कागद टेकवून लिहायचं तर निब वर होते आणि शाई मागे जाते. डावखुऱ्यांचा हात ओल्या ओळीवरून फिरतो, त्यांना लवकर सुकणारी शाई शोधावी लागते. म्हणून माझ्या बॅगेत एक बॉलपेनही असतं. "जरा पेन देता?" म्हणणाऱ्यालाही तेच मिळतं. दुसऱ्याने एक सही केली म्हणून निब बिघडते यावर माझा विश्वास नाही, पण बॉलपेनाची सवय असलेला माणूस दाबतो, आणि कधीकधी निब उलटी धरून दाबतो. ते बघवत नाही.

माझ्या हातून झालेलं नुकसानही सांगायला हवं. एकदा टोपण न लावता पेन टेबलाच्या कडेला ठेवलं आणि कोपर लागलं. खाली पडलं ते नाकावरच. उचलून बघितलं तर निबेचे दोन दाते एकमेकांवर चढलेले, पायावर पाय टाकून बसल्यासारखे. नखाने हळूहळू सरळ केले. लिहितं, पण आजही रेघ वर नेताना किंचित कुरकुरतं. दुसऱ्यांदा पाण्याचा ग्लास वहीवर लवंडला. तीन पानं मीटिंगच्या नोंदी होत्या. त्यांचं एक सुंदर निळं आभाळ झालं. धुता येणारी निळी शाई म्हणजे पाण्याने जाणारी, हे बाटलीवरच लिहिलेलं असतं. जर्मनीत शाळकरी मुलं अशाच निळ्या शाईने लिहितात आणि चुकलं की शाई उडवणाऱ्या पेनाने खोडतात, म्हणजे तो गुणच आहे. माझ्या नोंदींसाठी तो गुण नव्हता.

टिकायला हवं ते लिहायचं तर टिकाऊ शाया मिळतात. माजूफळ आणि हिराकस यांची जुनी शाई अजूनही बनते. ती फिकी उतरते आणि हवा लागून कागदावरच काळवंडत जाते. पण ती पेनात महिनोन्‌महिने ठेवायची नाही. लाख घातलेली चित्रकलेची काळी शाई तर चुकूनही भरू नका. ती फीडमध्ये एकदा सुकली की पेन संपलं.

तर ते शेजारचे सर. त्या दिवशी मला हसून झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पेटी काढली. सहा वर्षांपूर्वी मिळालेलं पेन. "तेव्हा एकदा भरलं होतं, आता चालतच नाही. बघता का?" टोपण उघडलं तर निबेवर हिरवट-निळी खपली.

घरी आणून पेनाचा पुढचा भाग वाटीभर साध्या पाण्यात ठेवला. गरम पाणी नको, स्पिरिट तर नकोच, प्लास्टिक जातं. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मग चिरेतून निळा धागा सुटला आणि सरळ तळाशी गेला, त्याच्यामागून दुसरा. तळाशी पोचल्यावर ते धागे वळायचे आणि पसरायचे. मी हातातलं काम टाकून बघत बसले, खोटं कशाला बोलू. सकाळी वाटी गडद निळी. पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा निळी. तीन दिवस तेच. चौथ्या दिवशी भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून खळखळलं, पुन्हा साध्या पाण्याने धुतलं, रात्रभर निब खाली करून टिपकागदावर उभं ठेवलं, आणि शाई भरली. पहिल्याच रेघेला चाललं. निब उत्तम होती, माझ्या निबेपेक्षा कितीतरी चांगली. सहा वर्षं त्या पेटीत.

सरांना दिलं. त्यांनी स्वतःचं नाव दोनदा लिहिलं, एक सही केली, मान डोलवली. "वा! काय चालतंय!" म्हणाले, "थँक्यू हं मॅडम." टोपण लावलं, रुमालाने पुसलं आणि जपून परत पेटीत ठेवलं.

मी वाटी अजून विसळून ठेवलेली नाही.