आमच्याकडे असं नसतं

कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या डिस्नेलँडला तुम्ही इतक्यांदा जाऊन आला आहात की दुपारी कुठल्या बाकावर सावली येते हेसुद्धा तुम्हाला पाठ आहे. आता फ्लोरिडातल्या मेव्हण्याने आग्रह करकरून बोलावलंय आणि तुम्ही पहिल्यांदाच तिथल्या मॅजिक किंगडमला, म्हणजे डिस्नेच्याच तिकडच्या पार्कला, निघाला आहात. या सहलीत एकच मोठा धोका आहे. तुम्हाला मजा येऊ शकते. तसं झालं तर इतक्या वर्षांच्या निष्ठेचं काय करायचं? मेव्हण्यासमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? ती वेळ येऊ नये म्हणून काही सूचना देतो. विमानात वाचून काढा.

सुरुवात गाडी लावल्यापासून करा. अनाहाइमला हार्बर बुलेव्हार्डवरच्या हॉटेलातून निघालं की चालत चालत थेट दारात. इथे गाडी लावा, ट्रॅममध्ये बसा, तिकीटघरापाशी उतरा आणि मग समोर चक्क तळं. पलीकडे जायला बोट घ्या नाहीतर मोनोरेल. तुम्ही बोट घ्या. मोनोरेल चटकन पोचवते, बोटीत कुरकुरायला सवड मिळते. कठड्याला टेकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, ‘आमच्याकडे मोनोरेल १९५९ पासून आहे, पण आम्ही तिच्यावाचून अडत नाही.’

एवढ्यात मेव्हणा त्या तळ्याचं कारण सांगायला लागेल. त्याला थांबवा. अनाहाइमला डिस्नेलँडच्या कुंपणाबाहेर मोटेलांची आणि दुकानांची गर्दी झाली, ती वॉल्ट डिस्नेंना खुपत होती. म्हणून फ्लोरिडात भलत्याच नावांच्या कंपन्या काढून गुपचूप सुमारे २७,००० एकर जमीन घेतली आणि बाहेरचं जग मागे पडावं म्हणून मध्ये हे तळं आणलं. हे सगळं खरं आहे, म्हणूनच ऐकू नका. कारण कळलं की तक्रारीतला दम निघून जातो. ज्याला तुलना करायची आहे त्याने फरक तेवढे टिपावेत. ते का पडले या चौकशीत शिरलेली माणसं पुढे हळूहळू समंजस होतात आणि कुठल्याच गप्पांत कामाची राहत नाहीत.

मग किल्ला येईल, आणि इथे तुमची बाजू लंगडी आहे. अनाहाइमचा किल्ला ७७ फूट, इथला १८९. हे आकडे मेव्हण्याच्या तोंडून यायच्या आत तुम्हीच सांगून टाका, वर सुस्कारा सोडून म्हणा, ‘एवढा मोठा केला की आपलेपणा जातो.’ जगात जी गोष्ट आपली लहान आणि दुसऱ्याची मोठी असते तिच्या बाबतीत आपलेपणा हा मुद्दा कायम उपयोगी पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर वरच्या मजल्यांकडे बोट दाखवा. किल्ला आहे त्याहून उंच वाटावा म्हणून वर जाता जाता एकेक गोष्ट लहान करत नेली आहे. ‘ही शुद्ध फसवणूक आहे,’ असं ठणकावा. हीच युक्ती अनाहाइमच्या किल्ल्यालाही वापरली आहे आणि ७७ फुटांच्या किल्ल्याला तिची गरज जास्त होती, पण हा तपशील तुम्ही घरी ठेवून आला आहात.

तरीही कोणाच्या तोंडून कौतुक निघालंच तर हुकमाचं पान टाका, वॉल्ट. पूर्ण नाव घ्यायचं नाही, ‘मिस्टर डिस्ने’ तर मुळीच नाही. शाळेत एका बाकावर बसलेल्या सोबत्याबद्दल बोलावं तसं, नुसतं ‘वॉल्ट’. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा वॉल्ट स्वतः हजर होता. तिथल्या मेन स्ट्रीटवर अग्निशमन केंद्राच्या माडीवर त्याची राहायची जागा होती, तिच्या खिडकीत आजही दिवा तेवत ठेवतात. तो गेला डिसेंबर १९६६ मध्ये आणि मॅजिक किंगडम उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला. ‘वॉल्टने हे पाहिलंच नाही रे,’ असं खालच्या आवाजात म्हणून दोन क्षण थांबा. मेव्हणा गप्प होतो, हे हमखास. क्वचित एखादा वाचलेला मेव्हणा भेटतो. तो १९५५ च्या त्या उद्घाटनाच्या दिवसावर येईल: खोटी तिकिटं घेऊन घुसलेली माणसं, मऊ डांबरात रुतणाऱ्या बायकांच्या टाचा, प्लंबरांच्या संपामुळे कोरडे पडलेले पिण्याच्या पाण्याचे नळ. घाबरू नका. आपल्याकडे डांबर वितळलं तर त्याला इतिहास म्हणतात. मेव्हण्याकडे वितळलं असतं तर तो भोंगळ कारभार ठरला असता.

आता पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. या राइडला पुरेसा वेळ द्या, कारण इथे तुमची बाजू खरोखरच बळकट आहे आणि असे प्रसंग फार येत नाहीत. अनाहाइमला ही १९६७ मध्ये सुरू झाली. तिथे बोट आधी काजव्यांच्या दलदलीतून संथ सरकते, काठावर लोक जेवत बसलेले दिसतात, मग एक घसरण, मग दुसरी, आणि समुद्री चाच्यांचं गाव यायच्या आधी गुहांमधून बराच वेळ जातो. एकूण पंधराएक मिनिटं. इथे बोट किल्ल्यातून निघते, एकदा घसरते आणि बघता बघता उतरायची वेळ येते. बोटीत बसताना घड्याळ लावा. उतरताना आकडा वाचून दाखवा, अनोळखी लोकांनाही. मागच्या रांगेतल्या कुटुंबाला हा आकडा हवाच असतो, ते विचारत नाहीत इतकंच.

यामागचा किस्सा मात्र सांभाळून वापरायला हवा. फ्लोरिडात ही राइड मुळात ठेवायचीच नव्हती. फ्लोरिडा कॅरिबियनच्या दाराशी, तिथल्या लोकांना चाच्यांचं काय अप्रूप, असा योजनाकारांचा हिशोब होता. त्याऐवजी पश्चिमेच्या काउबॉय मुलुखातली एक भव्य बोटसफर करायची होती. पण दारं उघडल्यापासून येणारा जाणारा एकच विचारू लागला, अनाहाइमला चाचे आहेत, इथले कुठे आहेत? शेवटी १९७३ च्या डिसेंबरात आखूड का होईना, चाचे आणून बसवावे लागले, आणि ती भव्य बोटसफर कागदावरच राहिली. म्हणजे तुमच्यासारख्याच लोकांनी नवं काहीतरी बघायची संधी घालवून त्या जागी ओळखीचंच आणवलं, आणि आता ते पुरेसं ओळखीचं नाही म्हणून तुम्ही नाक मुरडताय. परंपरा म्हणतात ती हीच. अभिमान बाळगा, कोणाला सांगू नका.

हॉन्टेड मॅन्शन या भुतांच्या वाड्यात तुमच्या ज्ञानाला खरा उठाव मिळतो. सुरुवातीला सगळ्यांना आठ कोनांच्या एका खोलीत कोंडतात, आणि भिंती ताणल्या जाऊन वरची चित्रं लांब लांब होत जातात. दिवे मंद होतात. मुलं आईला बिलगतात. हाच क्षण. स्वच्छ आवाजात सांगा, ‘इथे छत वर जातंय. आमच्याकडे खोली खाली जाते.’ हे अगदी खरं आहे. अनाहाइमला राइडची मुख्य इमारत रेल्वेच्या बांधापलीकडे आहे, म्हणून माणसांना बांधाखालून न्यायला ती खोली म्हणजे चक्क लिफ्ट केली. तीच चित्रं लांबताना बघून माणसं घाबरायला लागली आणि युक्ती इतकी जमली की फ्लोरिडात बांधाची अडचण नसतानाही तो खेळ ठेवला, फक्त खाली न जाता. एका अडचणीतून किती सुंदर गोष्ट निघाली, असा विचार मनात आला तर तो झटकून टाका. तुमचं काम भीती घालवायचं आहे. अंधारात कोणी ‘शूऽऽ’ केलं तर समजा, पोचलं.

पायाखालच्या जमिनीबद्दलही एक सांगून ठेवतो. मॅजिक किंगडमच्या रस्त्यांवर आपण चालतो ती खरं तर वरची पातळी आहे. खाली बोगदे आहेत आणि कर्मचारी त्यांतून ये-जा करतात, म्हणजे काउबॉयच्या वेशातला माणूस भविष्यातल्या शहरातून जाताना दिसत नाही. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, तळ्यासाठी खणलेली माती त्यांच्या भोवती आणि वर घातली आणि तिच्यावर पार्क उभं केलं. मेव्हणा हे अभिमानाने सांगेल. तुम्ही एवढंच म्हणा, ‘तरीच, पाय दुखतायत.’

उन्हाळ्यात गेलात तर दुपारी आभाळ फुटल्यासारखा पाऊस येतो, वर विजा. हा निसर्गाने तुमच्या पदरात टाकलेला मुद्दा आहे. फार खेचू नका, नुसतं वर बघून मान हलवली तरी पुरे. खाण्यापिण्याचं म्हणाल तर दोन्हीकडे रांग लांब आणि पोट भरेपर्यंत पाकीट रिकामं. तिथे तुलनेला वाव नाही.

काही जागा मात्र टाळाच. पार्कच्या टुमॉरोलँड या भागात उंचावरून पीपलमूव्हर नावाची शांत गाडी फिरते. अनाहाइमला ती १९९५ मध्ये बंद पडली आणि तिचा रिकामा मार्ग डोक्यावर तसाच राहून गेला. इथे ती चालू आहे, वर सावली आणि वारा. मेव्हणा तिच्यात बसायचा आग्रह करणार. पोटात दुखतंय म्हणा. दुसरा सापळा स्पेस माउंटन, अंधारात धावणारं रोलर कोस्टर. तुमच्या तोंडून सवयीने निघेल, ‘मूळचं आमच्याकडचं.’ तसं नाही. इथलं १९७५ चं, तुमचं १९७७ चं. तुमच्याकडे दोघं शेजारी शेजारी बसतात, इथे एकामागे एक, तेवढ्यावर भागवा. तिसरा कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. हा खेळ १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जन्मला, १९६७ मध्ये अनाहाइमला आला आणि काही वर्षांनी उचलून फ्लोरिडाला नेला. ‘आमचाच होता,’ असं म्हणता येईल, पण मग तुमच्या लोकांनी तो का जाऊ दिला हा प्रश्न येतो. थिएटरात शिरून झोप काढा.

कोंडीत सापडलात तर मॅटरहॉर्नचा आधार घ्या. १४७ फुटांचा तो डोंगर १९५९ पासून अनाहाइमला उभा आहे, पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारं पहिलं रोलर कोस्टर तेच, आणि फ्लोरिडात ते नाही. दिवसभरात कधीही, कशाच्याही उत्तरात चालतं. ‘भाऊजी, पाणी हवंय का?’ ‘नको. इथे मॅटरहॉर्न नाही.’

सर्वात मोठा अडथळा मुलांचा. त्यांना तुलना येत नाही, ती शिकवावी लागते. इट्स अ स्मॉल वर्ल्डमधून उतरल्यावर तुमची मुलगी म्हणेल, ‘बाबा, परत एकदा!’ तिला बाजूला घेऊन समजावा की अनाहाइमला बोट आधी बाहेर उन्हात निघते, तिथे ते मोठं घड्याळाचं दर्शनी बांधकाम आहे, आणि इथे सगळं छपराखालीच. ती ऐकून घेईल आणि म्हणेल, ‘बरं. मग परत एकदा?’ अशा वेळी आईकडे सोपवावं. मुलं मोठी झाली की आपोआप शिकतात.

रात्री किल्ल्यावर आतषबाजी होते. सगळ्यांच्या माना वर गेलेल्या असतात, चेहऱ्यांवर रंग बदलत असतात आणि तुमच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. इथेच भलेभले घसरतात. आपण तोंड उघडं टाकून बघतोय असं ध्यानात आलं तर लगेच फोन काढा आणि अनाहाइमच्या आतषबाजीची चित्रफीत बायकोला दाखवायला लागा. फ्लोरिडाच्या आकाशाखाली उभं राहून कॅलिफोर्नियाचं आकाश बोटभर पडद्यावर बघणं ही या विद्येतली शेवटची पायरी आहे.

परतल्यावर महिना-दोन महिन्यांत मेव्हण्याचा फोन येईल, ‘भाऊजी, पुढच्या वर्षी टोकियो?’ लगेच हो म्हणा. टोकियोचं डिस्नेलँड १९८३ चं, आणि तिथला किल्ला फ्लोरिडाच्या किल्ल्याची प्रतिकृती आहे. म्हणजे तुम्ही मूळ बघून आलेला माणूस. टोकियोच्या विमानात बसेपर्यंत १८९ फूट हा आकडा जिभेवर खेळायला हवा, तळ्यावरच्या बोटीचं वर्णन करताना आवाज किंचित कापायला हवा, आणि तिथल्या किल्ल्यासमोर पोचताच मेव्हण्याच्या आधी तुमच्या तोंडून निघालं पाहिजे, ‘छे! आमच्या फ्लोरिडाची सर नाही.’