विंडोज-कंट्रोल-सी दाबून डार्क मोड येत नाही

आंबा बागायतदारांच्या ग्रुपपासून होमस्टेवाल्यांच्या ग्रुपपर्यंत सध्या एकच मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "कोणत्याही कॉम्प्युटरवर विंडोज, कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, डार्क मोड चालू होतो. तो चोवीस तास चालू ठेवा. चष्म्याचा नंबर वाढत नाही, लॅपटॉपची बॅटरी दुप्पट चालते, लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर ताण येत नाही. याशिवाय दुसरा शॉर्टकट नाही. जे सॉफ्टवेअर टाकायला सांगतात ते व्हायरस टाकतात." खाली अर्थातच, दहा जणांना पाठवा.

डार्क मोडशी, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरं दाखवणाऱ्या रूपाशी, माझं भांडण नाही, रात्री मीही तोच वापरतो. पण तो चोवीस तास लावून ठेवण्याची गोष्ट नव्हे. हवा तेव्हा लावता आणि नको तेव्हा काढता आला पाहिजे, आणि त्यासाठी शॉर्टकट लागतो. मेसेजने नेमका तोच चुकीचा सांगितलाय.

ती तीन बटणं आहेत कलर फिल्टरची. रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ही सोय दिलेली आहे. तिथे शॉर्टकटला परवानगी दिलेली नसेल तर बटणं दाबून काहीही होत नाही. दिलेली असेल, तर जो फिल्टर निवडलेला असेल तो अख्ख्या स्क्रीनवर चढतो. 'इन्व्हर्ट' असेल तर पांढरं पान काळं होतं, आणि लोकांना वाटतं, झालं काम. पण त्याबरोबर फोटोंचे रंगही उलटे होतात. देवगडच्या बागेतल्या पिकलेल्या हापूसचा फोटो उघडून बघा, फळ निळं दिसेल. 'ग्रेस्केल' असेल तर सगळंच करडं. मालवणच्या माझ्या मावसभावाचा याच मेसेजनंतर फोन आला: "अरे, माका सगळा काळा-पांढरा दिसता, मॉनिटर गेलो काय?" मी स्क्रीनशॉट मागवला, तर त्यात रंग एकदम व्यवस्थित! फिल्टर चढतो तो फक्त समोरच्या पडद्यावर, स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. त्यामुळे फोनवरून मदत करणाराही फसतो. तीच बटणं पुन्हा दाबली की रंग परत येतात. तेवढं मेसेजमध्ये लिहिलं असतं तरी पुष्कळ होतं.

खरा डार्क मोड वेगळ्या पद्धतीने चालतो. सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला सांगते की वापरणाऱ्याला गडद रूप हवंय, आणि प्रोग्राम आपली पार्श्वभूमी स्वतः बदलतो. फोटोंना कोणी हात लावत नाही. विंडोज 10 मध्ये ही सोय 2016 साली आली, मॅकवर 2018 च्या मोहावी आवृत्तीबरोबर. वेबसाइटलाही ब्राउझर हीच पसंती कळवतो, पण साइट बनवणाऱ्याने गडद रूप केलेलंच नसेल तर पान पांढरंच उघडतं. बऱ्याच सरकारी साइटवर हेच होतं, तेव्हा सातबारा काढताना डोळ्यांसमोर लख्ख पान आलं तर सेटिंग बिघडलं असं समजू नका. 'कोणत्याही कॉम्प्युटरवर' या शब्दांबद्दल एवढंच म्हणतो, मॅकच्या कीबोर्डवर विंडोजचं बटणच नसतं.

आता डोळे. गडद पडद्याने नंबर वाढायचा थांबतो, याला ठोस पुरावा नाही. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, डोळे कोरडे पडतात, जवळच्या एकाच अंतरावर तासन्‌तास नजर खिळते. त्रास यातून होतो आणि पार्श्वभूमी काळी केल्याने यातलं काहीच बदलत नाही. नेत्रतज्ज्ञ सांगतात तो उपाय फुकट आहे: दर 20 मिनिटांनी, 20 फूट किंवा त्याहून लांब, 20 सेकंद बघा. समोर समुद्र असणाऱ्यांनी तरी याची सबब सांगू नये.

उलट, भरपूर उजेडात गडद पडदा वाचायला जास्त जड जातो. फिकट पार्श्वभूमीमुळे बाहुली आकसते आणि अक्षरांच्या कडा रेखीव दिसतात. वाचनाच्या प्रयोगांमध्ये पांढऱ्यावर काळी अक्षरं सहसा सरस ठरली आहेत. ज्यांना ॲस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या असमान गोलाईमुळे धूसर दिसणं) आहे त्यांतल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. आणि आपल्याकडचा उजेड तर बघा! दुपारी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलं की समोरच्या पाण्यावरची चकाकी थेट पडद्यावर येते. पडदा काळा असेल तर हिशेबाच्या जागी स्वतःचं तोंड आणि मागची माडाची झाडं दिसतात. पावसाळ्यात दिवसाढवळ्या अंधारून येतं, तेव्हा मात्र तोच पांढरा पडदा डोळ्यांवर येतो. एका दिवसात दोन्ही प्रकार होत असतील तर चोवीस तास एकच मोड ठेवायचा सल्ला किनाऱ्यावर कोणाच्या कामाचा?

बॅटरीचं बघू. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपना एलसीडी पडदा असतो. त्याच्या मागचा दिवा चित्र काळं असो की पांढरं, तेवढाच जळतो. पेट्रोमॅक्सवर काळं फडकं टाकलं म्हणून रॉकेल कमी लागत नाही, तसंच हे. ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून तिथे काळ्या रंगाने खरंच बचत होते. पण किती? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये ओएलईडी फोनवर हे मोजलं. ब्राइटनेस 30 ते 50 टक्के असताना डार्क मोडने सरासरी 3 ते 9 टक्के वीज वाचली. ब्राइटनेस पूर्ण असताना 39 ते 47 टक्के. म्हणजे मोठी बचत तेव्हाच होते, जेव्हा तुम्ही पडदा पूर्ण उजळून बसलेले असता. वादळी पावसात फांदी तारेवर पडून लाईट गेली आणि सगळं घर इन्व्हर्टरवर आलं, तर ब्राइटनेस खाली आणा. ते एलसीडीलाही लागू पडतं.

उरलं ते 'दुसरा शॉर्टकट नाही, बाकी सगळं व्हायरस'. विंडोजबरोबर डार्क मोडचा तयार शॉर्टकट येत नाही, एवढं खरं. पण मायक्रोसॉफ्टचाच पॉवरटॉइज नावाचा मोफत संच आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये मिळतो. त्यात 2025 मध्ये 'लाइट स्विच' आलं. ते चालू केलं की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून मोड बदलतो. बटणं पसंत नसतील तर बदलता येतात. आपलं ठिकाण दिलं तर सूर्योदय-सूर्यास्ताप्रमाणे आपोआपही बदलतो, पण मळभाचं त्याला काही कळत नाही, म्हणून मी बटणंच वापरतो.

काहीच टाकायचं नसेल तरी मार्ग आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग कलर्स. तिथे डार्क निवडा, थीम्समध्ये जाऊन ती थीम सेव्ह करा आणि तिच्यावर राइट क्लिक करून शेअरिंगसाठी फाइल म्हणून जतन करा. तसंच लाइटचं. दोन्ही फाइलींचे शॉर्टकट डेस्कटॉपवर काढा, प्रॉपर्टीजमध्ये 'शॉर्टकट की'च्या चौकटीत डी किंवा एल दाबा, विंडोज आपणहून कंट्रोल-ऑल्ट जोडतं. थीम बदलताना सेटिंग्जची खिडकी मध्येच उघडते, ती बंद करावी लागते. थोडं कटकटीचं आहे, पण चालतं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदींत, 0 आणि 1 बदलणाऱ्या स्क्रिप्टही लोक वापरतात. त्यात कधी कधी टास्कबार जुन्याच रंगात अडकतो, म्हणून हौस असेल तरच.

मॅकवर 2021 च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून 'शॉर्टकट्स' ॲप आहे. त्यात 'सेट अपिअरन्स' ही कृती घ्या, 'टॉगल' निवडा आणि तपशिलात कीबोर्ड शॉर्टकट जोडा.

विंडोजवर इनस्क्रिप्टने मराठी टाइप करणाऱ्यांनी एक बघावं. ज्या लेआउटमध्ये उजव्या ऑल्टने जादा अक्षरं येतात, तिथे विंडोज उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल-ऑल्ट असंच धरतं. तुम्ही निवडलेलं बटण एखाद्या अक्षरावर आदळत असेल तर दुसरं निवडा. आणि थीमचे ते शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेन्यूच्या फोल्डरमध्ये असतील तरच बटणं चालतात. घरातलं कोणी डेस्कटॉप आवरायला घेत असेल तर स्टार्ट मेन्यूत ठेवलेले बरे.