टायरमधली हवा काढून कोकणात येऊ नका

गणपती जवळ आले की आमच्या भावकीच्या ग्रुपवर मुंबईहून गाडी काढणाऱ्यांसाठी एक मेसेज फिरतो: पावसात टायरमधली हवा कमी करा, पकड वाढते; जोराची सर आली की चारही इंडिकेटर लावून चालवा; घाट उतरताना न्यूट्रल करा, पेट्रोल वाचतं; रस्त्यावर पाणी असेल तर पहिल्या गिअरवर, रेस न सोडता पार व्हा. पाठवणारा काळजीपोटीच पाठवतो. तरीही कृपा करून यातलं काही करू नका.

आधी हवेचं. वाळूत रुतलेली गाडी काढायला हवा कमी करतात, हे खरं. ओल्या डांबरावर मात्र टायरला पाणी दाबून नक्षीच्या खाचांतून बाहेर फेकायचं असतं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि चाक पाण्यावर तरंगतं. मग स्टेअरिंग हलकं लागतं, ब्रेक दाबून उपयोग नसतो. नासाच्या १९६०च्या दशकातल्या विमानांच्या चाकांवरच्या प्रयोगांतून याचं सूत्र निघालं. नक्षी बुडेल इतकं पाणी असेल, तर टायरमध्ये ३२ पीएसआय दाब असताना चाक ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास तरंगतं, २४ला ८१च्या आसपासच. चौपदरी झालेल्या मुंबई-गोवा हायवेवर ८०चा काटा कधी गाठला ते कळतही नाही. कंपनीने सांगितलेला दाब ठेवा. नक्षीची कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. मी स्वतः ३च्या खाली गेलेल्या टायरवर पावसाळ्यात निघत नाही.

चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी. चालत्या गाडीने लावले, तर ती वळणार की थांबणार हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट लो बीमवर लावा, पुरे.

कशेडीला बोगदा झाला, तरी भोस्ते आणि परशुराम घाट आहेतच. तिथे न्यूट्रल केलं की सगळा भार ओल्या ब्रेकवर येतो. आणि पेट्रोलही वाचत नाही: आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना रेसवरून पाय काढला की इंधन जवळपास बंद होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच.

पाण्याचं मला सगळ्यात जास्त भय वाटतं. पहिल्या गिअरचा सल्ला शहरात साचलेल्या पाण्यापुरता ठीक. मोरीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलावरून, वाहणारं पाणी वेगळं. फूटभर प्रवाह छोटी मोटार सरकवतो, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. गढूळ लाल पाण्याखाली रस्ता उरलाय का, हेही दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा दोन एसटी अंधारात नदीत गेल्या. शिवाय आमच्याकडे खाडीला भरती असली की नदीला उतरायला वाव राहत नाही, आणि पाऊस थांबला तरी पाणी चढत राहतं. २२ जुलै २०२१ला चिपळूणने ते भोगलं.

म्हणून अलीकडेच थांबा, जवळच्या वाडीत कुणाच्याही पडवीत बसा आणि घरी फोन करा. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून, मूर्ती आम्ही आणून ठेवतो. तुम्ही पाणी उतरल्यावर या.