‘गुगल स्कॉलर पुरे, लायब्ररी कशाला?’ याला उत्तर

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो: ‘कॉलेजच्या लायब्ररीचे डेटाबेस विसरा. गुगल स्कॉलरवर (संशोधन शोधण्याच्या गुगलच्या सेवेवर) सगळं मिळतं. पीअर रिव्ह्यू (छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली समीक्षा) झालेला पेपर डोळे मिटून वापरा. पूर्ण पेपर वाचत बसू नका, आणि पैसे मागितले तर पुढच्याकडे वळा.’ प्रकल्पाच्या दिवसांत हा सल्ला गोड वाटतो. पण त्यामुळे मुलांचे आठवडे वाया जातात, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘सगळं मिळतं.’ गुगल स्कॉलर २००४ पासून आहे आणि तो मीही रोज वापरते. एखाद्या शोधनिबंधाचा पुढे कुणी कुणी आधार घेतला, हे तिथे चटकन दिसतं. अडचण शोधण्याच्या पद्धतीत आहे. तिथे मुख्यतः आपण टाइप केलेल्या शब्दांवर शोध चालतो. ‘परीक्षेची भीती’ या विषयावर एक संशोधक ‘टेस्ट अँक्झायटी’ लिहितो, दुसरा ‘एक्झाम स्ट्रेस’, तिसरा ‘इव्हॅल्युएशन अँक्झायटी’. तुम्ही यातला एकच शब्द टाकलात, तर बाकीचे निबंध हातून निसटू शकतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सायकइन्फो या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला ठरावीक विषयसंज्ञा जोडलेल्या असतात. त्या संज्ञांचा कोश पहिल्यांदा १९७४ मध्ये निघाला. ‘टेस्ट अँक्झायटी’ ही संज्ञा निवडली की लेखकाने शब्द कोणता वापरला, याने फारसा फरक पडत नाही. मग वयोगट निवडा: १३ ते १७. पद्धत निवडा: दीर्घकालीन अभ्यास, किंवा मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेलं विश्लेषण). हजारोंची यादी वाचता येण्याइतकी होते. गुगल स्कॉलरवर वयोगटाची किंवा संशोधनपद्धतीची अशी चाळणीच नाही. शिवाय एका शोधाचे निकाल लाखांत दाखवले, तरी प्रत्यक्षात पहिले हजारच पाहता येतात.

‘पीअर रिव्ह्यू म्हणजे सिद्ध.’ नाही. माणसांना भविष्यातल्या घटनांची आधीच चाहूल लागते, असा दावा करणारा मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांचा निबंध २०११ मध्ये मानसशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात रीतसर समीक्षा होऊनच छापला गेला. पुढे इतरांनी तेच प्रयोग केले तेव्हा तो परिणाम टिकला नाही. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय होते, म्हणजे केवळ योगायोगाने आले असतील असं वाटत नव्हतं. पुन्हा केल्यावर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. समीक्षेची चाळणी लावा, जरूर लावा. पण तोच प्रयोग इतर कुणी केला का, निबंध मागे घेतला गेला आहे का, हेही पाहावंच लागतं.

‘पूर्ण पेपर वाचत बसू नका.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. सवय लागायला ६६ दिवस लागतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आकडा संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या निबंधातला आहे. त्यात ९६ जण सहभागी झाले होते, पण सवय कशी मुरत जाते हे दाखवणारं संशोधकांचं गणिती प्रारूप चांगलं बसलं ते फक्त ३९ जणांना. ६६ हा त्या ३९ जणांचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. पल्ला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत! आणि मुळात अभ्यास चालला ८४ दिवस. म्हणजे २५४ हा आकडा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, वक्ररेषा पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. निबंध चांगलाच आहे, लेखकांनी हे लपवलेलंही नाही. पण पद्धतीचा भाग न वाचता ‘६६ दिवस लागतात’ असं प्रकल्पात लिहिणारा विद्यार्थी चुकीचं लिहितो.

‘पैसे मागितले तर सोडा.’ उलट, तिथेच थांबा. कॉलेजने त्या नियतकालिकाची वर्गणी आधीच भरलेली असू शकते. प्रकाशकाच्या पानाला तुम्ही कुठले विद्यार्थी आहात हे माहीत नसतं, इतकंच. लायब्ररीच्या लॉगिनमधून तोच निबंध उघडून पाहा. गुगल स्कॉलरच्या सेटिंग्जमध्येही ‘लायब्ररी लिंक्स’खाली कॉलेजचं नाव शोधा, ते जोडता आलं, तर निकालाशेजारीच दुवा दिसू लागतो. तरीही नाही मिळाला, तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीकडून, तो मागवता येतो का, ते ग्रंथपालांना विचारा. त्यांच्यासमोर जाताना विषय एका वाक्यात लिहून न्या आणि आतापर्यंत कोणते शब्द वापरून शोधलं तेही सांगा. अडलेला शोध बऱ्याचदा त्या दहा मिनिटांत सुटतो.