‘बालवाडी’च्या प्रतिक्रियेला उत्तर

तृतीय वर्षाच्या इतिहासाच्या वर्गात मी 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवर, म्हणजे सावकारांविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या उठावावर, काल्पनिक जबानी लिहून घेते, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: ‘मॅडम, ही पदवीची मुलं आहेत, बालवाडीतली नाहीत. मूळ साधनं वाचायला शिकवा. आणि गोष्टीला गुण कशाच्या आधारावर देता?’

मतभेद असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावही न घालता आपण माझ्या मुलांना थेट बालवाडीत बसवलंत, ते मला लागलं. घरची कामं उरकून पहाटेच्या एसटीनं येणारी मुलं आहेत ही. मीही अशाच घरातली. दंग्यांची ‘कारणे’ मी पाठ केली, पेपरात उतरवली, गुणही मिळवले. पण जिथं दंगे सुरू झाले ते सुपं गाव आमच्याच जिल्ह्यात आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. त्याला आपण पदवीचं शिक्षण म्हणता?

वर्गात काय होतं ते ऐका. एका मुलीनं सुप्याच्या शेतकऱ्याचं पत्र लिहायला घेतलं आणि अडली: याला लिहिता येत असेल का? मग पत्राची जबानी झाली, कारण दंग्यांनंतरच्या चौकशी आयोगानं रयतेच्या आणि सावकारांच्याही जबान्या घेतल्या होत्या. पुढं तिला प्रश्न पडला, हा माणूस पुन्हा पुन्हा नव्या खतावर, म्हणजे कर्जरोख्यावर, अंगठा का उठवतो? त्यासाठी तिनं 1859 चा मुदतीचा कायदा शोधला. खत तीनच वर्षं चालायचं, म्हणून सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करून घ्यायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इथल्या कापसाला भाव आला होता; ते 1865 मध्ये संपलं, भाव उतरला, सावकारांनी हात आखडता घेतला. शेतसारा मात्र वाढला होता. 12 मेला सुप्यात लोकांनी सावकारांच्या हिशेबाच्या वह्या आणि खतंच का जाळली, हे तिनं वर्गाला उभं राहून सांगितलं. मी सांगितलं नव्हतं.

मूळ साधनं आणखी कशी वाचतात, ते आपणच सांगा.

साठ-सत्तरांच्या वर्गात प्रत्येकाची जबानी बारकाईनं तपासणं जड जातं, एवढं मान्य. गुणांचं म्हणाल, तर प्रत्येक तपशिलाचा आधार मुलं समासात लिहितात, गुण त्याला. लेखात ते होतं. आपण तिथवर पोहोचला नाहीत, असं दिसतं.

पुढच्या वेळी मला हवं ते बोला. मुलांना नको.