जिरेनियमचे दोन थेंब कोमट पाण्यात? अजिबात नको

‘जिरेनियम तेलाचे पाच चमत्कार’ हा मेसेज सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. वर लाल फुलांच्या कुंडीचा फोटो, ‘शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य’ ही ग्वाही आणि खाली दावे. रोज उपाशीपोटी कोमट पाण्यात दोन थेंब घेतले की साखर आणि थायरॉइड ताब्यात. तान्ह्या बाळाला चोळलं की डेंग्यूचा डास फिरकत नाही. बेंबीत घातलं की प्लेटलेट वाढतात. चेहऱ्याला तसंच लावलं की सुरकुत्या गायब. नागिणीच्या वेदनेवर रामबाण. हा मेसेज वाचून आमच्या मावशीने ‘मग मेटफॉर्मिन, माझी मधुमेहाची गोळी, बंद करू का?’ असं विचारलं, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

पिण्याचा दावा आधी, कारण सगळ्यात घातक तोच. हे तेल पाण्यात विरघळत नाही. कोमट पाण्यावर ते तरंगतं आणि पहिल्याच घोटात जसंच्या तसं ओठांना, जिभेला, घशाला चिकटतं. तिथे आग होते ती ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताना’ होत नाही, नाजूक अस्तराला तेल थेट लागतं म्हणून होते. ‘चहात तुळशीची पानं टाकतो तसंच हे’ असं ग्रुपवर कोणीतरी लिहिलंच. तसं नाही. जिरेनियमचा 100 किलो ओला पाला वाफेवर गाळला तर तेल निघतं जेमतेम 100 ते 200 ग्रॅम. म्हणजे एका थेंबामागे बावीस ते पंचेचाळीस ग्रॅम पाला. तेवढी तुळस चहात कोण टाकतं?

साखरेचा दावा मात्र हवेतून आलेला नाही. ट्युनिशियातल्या संशोधकांनी 2012 मध्ये अ‍ॅलॉक्सान देऊन मधुमेह घडवलेल्या उंदरांना हे तेल तीस दिवस तोंडावाटे दिलं. डोस दोन होते, किलोमागे 75 आणि 150 मिलिग्रॅम. उंदरांची साखर उतरली, हे मान्य. आता मोठ्या डोसाचा हिशेब करा. उंदराचा डोस माणसाला लावताना साधारण सहाने भागतात. म्हणजे किलोमागे 24-25 मिलिग्रॅम, 60 किलोच्या माणसाला रोज सुमारे दीड ग्रॅम, थेंबांत मोजलं तर तीसच्या वर. मेसेजमधले दोन थेंब भरतात 90 मिलिग्रॅम. म्हणजे त्या उंदरांसारखा परिणाम दोन थेंबांत मिळेल असं त्या प्रयोगातूनही निघत नाही, आणि रोज तीस थेंब पिणं हा वेडेपणा आहे. शिवाय अ‍ॅलॉक्सान स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतं. आपल्याकडच्या बहुतेक मंडळींचा टाइप 2 मधुमेह तसा होत नाही.

गोळी बंद केली तर काय होतं? पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि लोक फसतात ते तिथेच. साखर हळूहळू चढते, आणि एचबीए1सी हा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असल्यामुळे पुढच्या तपासणीत एकदम आकडा दिसतो. उलट ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना उपाशीपोटी असले प्रयोग करून नाश्ता लांबवला, तर साखर घसरून घाम, थरथर, चक्कर. विरारहून चर्चगेटला निघालेल्या लोकलमध्ये हे झालं तर काय होईल, विचार करा. थायरॉइडची गोळी तर उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबतच घ्यायची असते आणि नंतर अर्धा-एक तास पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. मेसेजने नेमकी तीच वेळ तेलाला देऊन टाकली आहे.

घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या कपाटात, कुलपात. मुलाने प्यायलं तर उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसांना सूज येते, आणि ती पोटातल्या तेलापेक्षा जास्त धोक्याची. तोंड पुसा, बाटली सोबत घ्या आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर 1800 116 117 फोनमध्ये असू द्या.

डासांबद्दल अर्धं सत्य आहे. जिरेनियममधल्या जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलचा वास डासाला नकोसा असतो. प्रश्न किती वेळ, हा आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 2002 साली बाजारातल्या डासरोधकांची तुलना छापून आली. 23.8 टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेल्या उत्पादनाने सरासरी पाच तास संरक्षण दिलं. सोयाबीन तेलाचं एक उत्पादन दीड तास टिकलं, बाकी सगळी वनस्पतिजन्य उत्पादनं सरासरी वीस मिनिटांच्या आत संपली. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि मुंबईच्या घामात लावलेलं काहीही लवकर उतरतं. दर वीस मिनिटांनी बाळाला तेल चोळणार का? दोन वर्षांखालच्या मुलाला तर हे तेल लावूच नये: कातडी पातळ, हात सारखा तोंडात. त्यापेक्षा मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि आठवड्यातून एकदा पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून घासणं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा.

बेंबी आणि प्लेटलेट. यावर काय बोलायचं! नाळ सुकली की बेंबी आतून बंद होते, तिथून कुठलीही वाट रक्तात जात नाही. डेंग्यूच्या तापात पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नाही. ताप उतरताना पोट दुखू लागलं, सारखी उलटी झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर बेंबीकडे बघत बसू नका, अ‍ॅडमिट व्हा.

नागिणीचा दावा मात्र, नाइलाजाने, थोडा मान्य करावा लागतो. 2003 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तीस रुग्णांवरची छोटी चाचणी आली होती. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी वेदना हे तेल लावून काही वेळ कमी झाली. काही वेळ. पाणी भरलेल्या ताज्या फोडांवर लावायचं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ताज्या नागिणीवरचं विषाणूरोधक औषध पहिल्या 72 तासांत सुरू करायचं असतं. ती वेळ तेलात घालवू नका.

राहिला चेहरा आणि ते ‘साइड इफेक्ट शून्य’. या तेलातली जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनालूल ही तिन्ही युरोपीय संघाच्या अ‍ॅलर्जीकारक सुगंधद्रव्यांच्या यादीत आहेत. लावून ठेवायच्या क्रीममध्ये ती 0.001 टक्क्याहून जास्त असली तर लेबलवर नाव छापावं लागतं. कच्चं तेल चेहऱ्यावर लावून एकदा अ‍ॅलर्जी जडली की पुढे साबण-अत्तरातल्या त्याच घटकानेही चट्टे उठतात. वास आवडतो म्हणून लावायचंच असेल तर 30 मिली खोबरेल किंवा बदाम तेलात चेहऱ्यासाठी 3 ते 6 थेंब, अंगासाठी फार तर 12. आधी हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला. आंघोळीच्या बादलीत थेंब टाकू नका, ते तरंगतात आणि तांब्यातून थेट अंगावर येतात. डिफ्यूझरमध्ये 100 मिली पाण्याला 3-4 थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी. मांजर किंवा पक्षी असलेल्या खोलीत तेही नको. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

जाता जाता, फोटोतली लाल फुलांची कुंडी या तेलाची नव्हेच. तेल निघतं पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्सच्या पाल्यातून, त्याची फुलं छोटी, फिकट गुलाबी. लेबलवर हे नाव, बॅच नंबर आणि मुदत नसेल तर बाटली दुकानातच ठेवून द्या. पाल्याचा हिशेब वर दिलाच आहे: 10 मिली तेलाला साडेचार ते नऊ किलो पाला लागतो, त्यामुळे 99 रुपयांत 30 मिली मिळालं तर त्यात एक तर कृत्रिम सुगंध आहे, नाही तर रोशा गवताचं तेल. रोशातही जिरॅनिऑल भरपूर असतं, आणि खानदेशातलं रोशा तेल मुंबई बंदरातून परदेशी जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. भेसळ जुनीच आहे. खरं तेलसुद्धा हवा लागून बिघडतं आणि बिघडलेलं तेल कातडीला जास्त झोंबतं. म्हणून गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, रबरी ड्रॉपर कायमचा आत नको. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि दीड-दोन वर्षांनी टाकून द्या.